पूर्ण भाड्याचं तिकीट

आमच्या अकोल्याच्या व्याह्यांनी जन्मात कधी विनातिकीट प्रवास केला नाही, आणि पूर्ण भाड्याचाही कधी केला नाही. या दोहोंच्या मधून जी एक चिंचोळी, सरळ आणि संपूर्ण कायदेशीर वाट जाते ती फार थोड्या भारतीयांना ठाऊक असेल. आमचे व्याही दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन गेली चाळीस वर्षं तिच्यावरूनच ये-जा करत आहेत. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. ते मला इवाई म्हणतात, मी त्यांना इवाई म्हणतो, त्यामुळे आम्ही दोघं फोनवर बोलू लागलो की ऐकणाऱ्याला कोण कुणाचा काय लागतो ते कळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा. हा माणूस कंजूष नाही. त्यांचे वडील अकोल्याच्या बाजारात वांगी आणि मेथी विकत. शहराच्या कडेला त्यांचं दोन एकर भाजीचं वावर अजून आहे, ते धाकटा भाऊ पाहतो. इवाई स्वतः पाटबंधारे खात्यात कारकून होते, पगार बरा, घर स्वतःचं. आमच्याकडे येताना रिकाम्या हातानं आल्याचं मला आठवत नाही. एका पिशवीत वांगी, दुसऱ्या पिशवीत संभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, तीही इतकी की आमच्या गल्लीतल्या पाच घरांना दोन दिवस पुरावी. हॉटेलात गेलो तर बिलासाठी असे झोंबतात की मालकाला वाटावं मारामारी चालली आहे. पण रेल्वेच्या तिकिटाची खिडकी दिसली की या माणसाच्या अंगात काहीतरी शिरतं. डोळे बारीक होतात, पाठ ताठ होते, आणि समोरच्या फलकावर लिहिलेलं भाडं हा कुणीतरी आपल्यावर टाकलेला डाव आहे, अशा नजरेनं ते त्याच्याकडे पाहू लागतात. मी एकदा विचारलं, "इवाई, बाकी कुठी तं तुमी भाव करत नाई. रेल्वेसंगंच काय दुश्मनी?" ते म्हणाले, "दुश्मनी नाई जी. रेल्वेनं येवढाले नियम बनोले. कोनीतरी वाचाले पायजेत ना बिचारीचे."

आमची पहिली भेट झाली ती मुलगी दाखवण्याच्या दिवशी. सकाळच्या एक्स्प्रेसनं सात माणसं येणार, असा निरोप होता. मी अमरावती स्टेशनवर दोन ऑटो धरून उभा. माझे मोठे बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, इस्त्रीचा सदरा घालून शेजारी. गाडी आली, रिकामी झाली, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. घरी पोहे गार झाले, मग दुसऱ्यांदा झाले, तेही गार झाले. अडीच-तीन तासांनी बडनेऱ्याच्या जंक्शनवरून येणाऱ्या गाडीतून सात माणसं उतरली. पुढे दोन पिशव्या घेतलेले, पांढऱ्या मिशांचे, अत्यंत प्रसन्न चेहऱ्याचे एक गृहस्थ.

दादा जरा तुसडेपणानंच म्हणाले, "काय जी, गाडी चुकली काय?"

"चुकली नाई," गृहस्थ म्हणाले, "सोडली. आमच्या समोरून गेली. पॅसेंजरचं तिकीट तिच्या अर्ध्यातबी नाई. अन् गाडी कोनतीबी धरा, पोरगी तं तेच पाह्याची हाय ना बाप्पा!"

दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हेच वाक्य त्या गृहस्थांनी घरी बैठकीत, उशिराचं कारण म्हणून, जसंच्या तसं पुन्हा ऐकवलं.  आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून खुदकन हसण्याचा आवाज आला. हसली ती माझी मुलगी. नंतर तिला आईनं विचारलं, मुलगा आवडला का, तर म्हणाली, मुलगा ठीक आहे, पण सासरा फर्स्ट क्लास आहे. ज्या माणसानं आयुष्यात फर्स्ट क्लासच्या डब्यात पाय ठेवला नाही, त्याच्याविषयीचं हे मत.

देण्याघेण्याची गोष्ट निघाली तेव्हा इवायांनी हात जोडले. हुंडा नको, मानपान नको, कपडे नकोत, अंगठी नको. एकच अट. वरात रेल्वेनं येणार, आणि तीही सकाळच्या पॅसेंजरनं. लग्न संध्याकाळी गोरजावर होतं. ऐंशी वऱ्हाडी सकाळी साडेदहाला मंगल कार्यालयात हजर झाले, तेव्हा आमचा मांडववाला अजून खांब ठोकत होता. ऐंशी माणसांचा नाश्ता, मग जेवण, मग दुपारचा चहा, आणि मधल्या वेळात कुणाकुणासाठी लिंबू सरबत. माझ्या बायकोनं कंबर कसली, पण संध्याकाळी मला कोपऱ्यात घेऊन तिनं हिशेब ऐकवला. तो मी हसत हसत इवायांच्या कानावर घातला. म्हटलं, "इवाई, तुमचे तिकिटाचे जेवढे वाचले, त्याच्या तिप्पट आमचे चहात गेले." ते क्षणभर गंभीर झाले आणि म्हणाले, "तुमचा खर्च अन् आमची बचत, हे दोन वायले विषय हायेत." मग मला बाजूला नेऊन त्यांनी माझ्या खिशात जबरदस्तीनं पैसे कोंबायचा प्रयत्न केला. मी नाही म्हटलं तर ते कार्यालयाच्या आचाऱ्याला देऊन आले. मी म्हणतो तो हा माणूस.

त्यांच्या बायकोविषयी, म्हणजे आमच्या विहीणबाईंविषयी, इथे सांगायला हवं. किडकिडीत, कमी बोलणाऱ्या, आणि नवऱ्याच्या मागे दोन पावलं ठेवून चालणाऱ्या. सुरुवातीला मला त्यांची दया यायची. कुठल्याही फलाटावर पाहावं तर या आपल्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलेल्या, समोरून एकामागून एक चांगल्या गाड्या निघून चाललेल्या, आणि इवाई सांगत असलेले की आपली अजून यायची आहे. पुढे कळलं, बाई मजेत असायच्या. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "तुमाले कटाळा नाई येत हो?" तर म्हणाल्या, "कायचा कटाळा? घरी बसून काय करतो? अथी बसलं का मानसं तरी दिसते. अन् हे खुश असते." एवढं बोलून त्यांनी डब्यातली धपाटी काढून तिच्या हातावर ठेवली.

मुलगी आणि जावई नोकरीसाठी पुण्याला गेले. पहिल्यांदा त्यांचं घर पाहायला आम्ही चौघं व्याही-विहिणी एकत्र निघालो. तिकिटांचं सगळं इवायांनी अंगावर घेतलं, इथेच माझी चूक झाली. त्यांनी काढलं गोल तिकीट. रेल्वेत अशी एक सोय आहे की जिथून निघालात तिथेच वेगळ्या रस्त्यानं फिरून परत आलात, तर लांबच्या पल्ल्याचं स्वस्त भाडं लागतं. त्यासाठी वर अर्ज करावा लागतो, मार्ग लिहून द्यावा लागतो. ते सगळं त्यांनी आम्हाला न सांगता दोन महिने आधी केलं होतं. त्यामुळे पुण्याहून परत यायला निघालो तेव्हा गाडी मनमाडकडे न जाता सोलापूरकडे जाऊ लागली. मी घाबरून विचारलं. त्यांनी शांतपणे बोटानं हवेत एक वर्तुळ काढलं. सोलापूर, तिथून हैदराबाद, तिथून नांदेड, तिथून अकोला. "जेवढं लांब जा, तेवढं किलोमीटरमागं कमी पडते," ते म्हणाले. "सरळ जाऊन सरळ येनारा मानूस लुटल्या जाते, इवाई." आम्ही मुलीकडे दीड दिवस राहिलो आणि गाड्यांमध्ये व फलाटांवर पाच दिवस. नांदेडच्या फलाटावर, पायाखाली वर्तमानपत्र अंथरून केळी खात असताना, मला एकदम शंका आली. म्हटलं, "इवाई, पन आपन सरळ गेलो असतो तं एकूण पैसे कमीच लागले असते ना?" ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. कीव नव्हती त्या नजरेत, पण कीवेच्या जवळचं काहीतरी होतं. "तसं पायलं तं घरीच रायलो असतो तं काईच लागलं नसतं," ते म्हणाले. "मंग बचत कायच्यात केली असती?" विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. आता आठवलं की वाटतं, तसा प्रवास आम्ही पुन्हा केला नाही. हैदराबादला चौघांनी मिळून एकच फोटो काढला होता, तो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे.

माणसं साठीला भितात. आमच्या इवायांइतक्या आतुरतेनं साठीची वाट पाहिलेला माणूस मी पाहिला नाही. पुरुषाला साठ पूर्ण झाली की रेल्वेत ज्येष्ठ नागरिकाची सवलत मिळे. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते नोकरीतून निवृत्त झाले, आणि पुढची दोन वर्षं त्यांनी अशी काढली, जशी मुलं परीक्षेनंतरच्या सुटीची वाट पाहत काढतात. कुठं कुठं जायचं हे ठरलेलं होतं. मोठे प्रवास साठीनंतर करायचे म्हणून राखून ठेवले होते. आणि नेमकी त्याच वर्षी ती साथ आली, गाड्या थांबल्या, आणि गाड्यांबरोबर ती सवलतही थांबली. त्यांना साठ पूर्ण झाली तेव्हा आपण सगळे घरात कोंडलेले होतो. मी फोन केला आणि म्हटलं, "इवाई, अभिनंदन! साठी झाली."

पलीकडून खोल श्वास ऐकू आला. "कायचं अभिनंदन, इवाई? सवलत बंद झाली. आता नुसताच म्हातारा झालो."

गाड्या सुरू झाल्या, सवलत काही परत सुरू झाली नाही. त्यांनी ते मनाला लावून घेतलं खरं, पण हार मानली नाही. नवे नियम वाचू लागले. मोबाइलवर तिकीट काढलं तर काय सुटतं, कोणत्या गाडीला जादा आकार नाही, कोणती गाडी नावानं एक्स्प्रेस पण भाड्यानं पॅसेंजर, हे त्यांना पाठ. मुलीची मुलगी, म्हणजे आमची दोघांचीही नात, पाच वर्षांची होईपर्यंत तिला तिकीट लागत नव्हतं. त्यांनी तिला सुटीत अकोल्याला आणलं ते पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात. वाढदिवस अकोल्यातच झाला. परत जाताना मात्र ती पाचच्या वर सहा दिवस. मी गमतीनं म्हटलं, दिसते तर चारची. तर ते इतके दुखावले की मला माफी मागावी लागली. "मी लबाडी करत नाई," ते म्हणाले. त्यांनी नातीचं अर्धं तिकीट काढलं. आणि त्या दिवशी, अकोल्यापासून वाट पाहिली तरी, टीसी फिरकला नाही. मनमाड आलं तरी नाही. इवाई अस्वस्थ झाले. शेवटी नातीला कडेवर घेऊन ते डब्यामागून डबे ओलांडत गेले आणि चौथ्या डब्यात एका टीसीला गाठून म्हणाले, "इचं तिकीट काढलं हाय. पाच झाले इले. पाहून घ्या." टीसीनं सांगितलं, काका, तो डबा माझ्याकडे नाही. "नसन," इवाई म्हणाले, "पन पाहून तं घ्या!" पैसे देऊन काढलेलं तिकीट कुणी पाहिलंच नाही, ही गोष्ट त्यांना अनेक दिवस बोचत होती.

मग तीन वर्षांपूर्वी विहीणबाई आजारी पडल्या. छातीत गाठ होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, आणि नागपूरच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं. हे सगळं मला फोनवर कळलं, तेही तुटक तुटक. जावई पुण्याहून थेट नागपूरला येणार होता. इवायांनी एवढंच विचारलं, "मंगळवारी बडनेऱ्याहून आमच्यासंगं येता काय? तुमचंबी तिकीट काढतो." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बी-दोन डबा." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बी-दोन म्हणजे एसीचा डबा.

मंगळवारी सकाळी गाडी आली. मी डब्यात शिरलो तर खरंच दोघं तिथे. इवाई सीटच्या अगदी कडेवर, परक्याच्या दिवाणखान्यात बसावं तसे. विहीणबाई गाडीतली पांढरी चादर खांद्यापर्यंत ओढून, भिंतीकडे तोंड करून. मी बसलो. पाणी, चहा, गाडी वेळेवर आहे, असलं काहीतरी बोललो. इवाई "पानी पाहून येतो" म्हणून उठले, आणि ते दिसेनासे होताच विहीणबाईंनी चादर बाजूला केली. डोळे लाल झाले होते.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं काय सांगतलं ते मले खरं खरं सांगा."

"मले काई माईत नाई, ताई. तुमाले सांगतलं तेवढंच मले."

"नाई. काई तं लपवून राहिले हे. मी लयच बिमार असन. नाई तं यायनं मले एसीत काहून बसोलं असतं?" आणि त्या रडू लागल्या. "चाळीस वर्सं होत आले लग्नाले. पोट्ट्याच्या बाळंतपनाले माहेरी गेली तवाबी साध्या डब्यात नेलं मले. आज पुऱ्या पैशाचं तिकीट काढलं. मी पायलं ना, त्यायच्या हातात होतं. एक पैसा सुटला नाई त्याच्यात. मंजे मी वाचत नाई ना, भाऊ?"

 त्या क्षणी मलाही तेच वाटलं.  मी उठून दाराकडे गेलो. इवाई हात धुण्याच्या बेसिनपाशी उभे होते, पाणी-बिणी काही पाहत नव्हते. मी त्यांना विहीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"अरे बाप्पा," ते म्हणाले. "असं नाई जी. डॉक्टर मने, वेळेत आले, विलाज होते. खोटं नाई सांगत. मले मनलं, घाबरू नोका." मग ते दाराच्या काचेकडे वळले. "पन मले हिंमत नाई झाली इवाई, तिले गर्दीत बसवाची."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या केलेला एक कागद काढला आणि उघडून मला दाखवला. या आजाराच्या रोग्याला उपचारासाठी जायचं तर रेल्वेत मोठी सवलत असते, सोबतच्या माणसालाही असते. डॉक्टरांच्या सहीचा कागद खिडकीवर दिला की झालं. त्यावर सही होती, शिक्काही होता.

"मंग?" मी म्हटलं.

"गेलतो मी खिडकीवर. रांगेत लागलो. माया नंबर आला." त्यांनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे विहीणबाईंचं नाव होतं आणि नावासमोर आजाराचं. "हे वाचलं अन् मले वाटलं, हा कागद आत सरकवला का हे खरं होऊन जाईन. आतला मानूस वाचन, मंग मागचा वाचन. मी साऱ्या सवलती घेतल्या जिंदगीत. हे नाई घेऊ शकलो. पुरे पैसे देल्ले अन् निघून आलो."

त्यांना मी असं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ तिथेच उभे राहिलो. येणारे-जाणारे आमच्यामधून वाट काढत बेसिनपर्यंत जात होते. धामणगाव गेलं, पुलगाव गेलं. परत जागेवर आलो तेव्हा इवायांनी बायकोला डॉक्टरांचा शब्द न् शब्द सांगितला. विहीणबाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्यांचा अजिबात विश्वास बसलेला नाही हे आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसलं.

नागपुरात उपचार ठरले. दर तीन आठवड्यांनी यायचं. पुढचं मला विहीणबाईंनी स्वतःच सांगितलं, माझ्या बायकोच्या हातचा चहा पीत, आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून. घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याचा सदरा धुवायला काढला, खिसा चाचपला, तर तो कागद. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. सावकाश, एकेक अक्षर लावत त्यांनी तो सगळा वाचला. सवलत हा शब्द वाचायला तर त्यांना वेळच लागला नाही, तो घरात रोजचा. नवरा बाहेरून आला तशी त्यांनी कागद पुढे धरला.

"सवलत हाय, अन् तुमी घेतली नाई?"

ते वाकून चपला काढू लागले.

"मंजे तुमी मले मेलीच समजून राहिले. जित्या मानसाचं तिकीट तुमी कधी पुऱ्या पैशाचं काढलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या निघाल्या. ऑटो करून अकोला स्टेशनला गेल्या. आयुष्यात त्यांनी स्वतः कधी तिकीट काढलं नव्हतं. रांगेत उभ्या राहिल्या, आणि नंबर आल्यावर कागद खिडकीतून आत सरकवला. आतल्या माणसानं काहीतरी एक कागद कमी आहे असं सांगितलं. बाई गोंधळल्या. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. इवाई पाठोपाठ आले होते, सगळा वेळ खांबाआड उभे होते. "काहून कमी हाय?" ते खिडकीशी वाकून म्हणाले. "नियम काढा. रोग्याले एक अन् सोबत्याले एक. याच कागदावर भेटते." आणि मग दहा मिनिटं ते भांडले. नियमाचा नंबर सांगितला, त्याच्यात नंतर झालेली दुरुस्ती सांगितली, वरच्या साहेबाला बोलवा म्हणाले. मागची रांग ओरडत होती. विहीणबाई बाकावर जाऊन बसल्या आणि ऐकत राहिल्या. "लय दिवसांनी तसा आवाज लागला होता त्यायचा," त्या आम्हाला म्हणाल्या. "मले बरं वाटलं. म्हटलं, आता हे भांडून राहिले मंजे मी वाचते." खिडकीतल्या माणसानं मोठा ग्रंथ उघडला, पानं उलटली, आणि शेवटी दोन तिकिटं दिली. इवायांनी बायकोला विचारलं होतं, सवलत एसीलाही आहे, एसीचं घेऊ का? त्या म्हणाल्या, नको. तिथं खिडकी उघडत नाही.

त्यानंतरचं वर्ष सोपं नव्हतं. केस गेले, चव गेली, बाईंना आठ आठ दिवस अंथरुणावरून उठवेना. पण ठरलेल्या दिवशी दोघं गाडीत असत आणि इवाई ठरलेल्या दिवशी काही ना काही वाचवत. मी दोनदा सोबत गेलो. दुसऱ्या खेपेला पाहतो तर इस्पितळाच्या व्हरांड्यात इवायांभोवती पाच-सहा माणसं जमलेली. तिवस्याची एक बाई, आर्वीकडचे एक मास्तर, आणि धारणीच्याही आतल्या एका गावचा नवरा-बायकोचा जोडा. तो जोडा आधी जीपनं, मग एसटीनं, मग गाडीनं असा दर वेळी पूर्ण भाडं भरून येत होता. अशी काही सवलत असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इवाई मांडीवर पिशवी ठेवून, पिशवीवर कागद ठेवून त्यांचा अर्ज भरत होते. धारणीचा माणूस एका ओळीपाशी अडखळला, बायकोकडे पाहू लागला.

"सांगा ना बिमारीचं नाव," इवाई हळूच म्हणाले. "काई होत नाई सांगितल्यानं. मलेबी पयले असंच वाटे." आणि त्यांनी ते नाव, त्या बाईच्या नावासमोर, सुबक अक्षरात लिहिलं. वर शिक्का कुठे घ्यायचा, कोणत्या खिडकीवरचा माणूस बरा आहे, हेही सांगितलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःचं जेवण केलं नाही. गाडी सुटायच्या आधी शेवटचा अर्ज पुरा झाला.

उपचार संपले. डॉक्टरांनी आता सहा महिन्यांनी यायला सांगितलं आहे. विहीणबाईंचे केस परत आले, पूर्वीपेक्षा पांढरे आणि थोडे कुरळे. त्या लवकर थकतात, जिना चढताना मध्ये थांबतात. इवाईही थकले आहेत, ते मान्य करत नाहीत. मिशा तशाच आहेत, पण दोन पिशव्यांची एक झाली. मीही आता पूर्वीसारखा कुठे जात नाही. चौघांनी मिळून लांबच्या प्रवासाची गोष्ट काढतो, नकाशा पाहतो, आणि उन्हाळा जाऊ द्या, थंडी येऊ द्या असं करत राहून जातं.

गेल्या महिन्यात तपासणी करून परत जाताना ते दोन दिवस आमच्याकडे उतरले. सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्या बायकोनं पुरण घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना बडनेऱ्याला पोचवायला गेलो. अर्थात पॅसेंजर. तिच्याआधी दोन एक्स्प्रेस आल्या आणि गेल्या, मी काहीच बोललो नाही. पॅसेंजर आली तेव्हा विहीणबाईंना खिडकीजवळ आणि इवायांना त्यांच्या शेजारी जागा मिळाली. मी फलाटावर, खिडकीबाहेर उभा. गाडी सुटायला वेळ होता. दोन मिनिटांत विहीणबाईंना झोप लागली आणि त्यांचं डोकं खिडकीच्या गजाकडे कललं. इवायांच्या दुसऱ्या बाजूला एक तरुण जोडपं बसलं होतं, शेगावला निघालेलं. त्यांनी काही विचारलं नव्हतं. इवाई त्यांना सांगू लागले की तुम्ही तिकीट काढलं तिथेच चुकले, आणि कसं काढायला पाहिजे होतं. बोलता बोलता त्यांनी आपला तळहात विहीणबाईंच्या डोक्याच्या आणि गजाच्या मध्ये घातला, आणि तो तसाच ठेवून, बायकोकडे न पाहता, पुढचं सांगत राहिले. गाडीला झटका बसला. त्यांच्या हाताची बोटं गजावर आपटलेली मला दिसली. विहीणबाई जाग्या झाल्या नाहीत. इवायांनी दुसऱ्या हातानं मला निरोप दिला, आणि गाडी अकोल्याकडे, तिच्या चालीनं, सावकाश निघून गेली.